ओल्या मातीचा गोळा

सिल्वासाच्या वाचा-उपचार केंद्रातल्या त्या मॅडमवर माझा विश्वास बसत नव्हता. माझी मुलगी चार वर्षांची होती, एकही शब्द बोलत नव्हती आणि चिडली की चावायची. आमच्या गलोंडा गावाहून शेअर रिक्षाने मी तिला तिथे नेत असे. मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसत, एखादा शब्द बोलत आणि मग कितीतरी वेळ नुसत्या गप्प राहत. बाई वेळ काढतात, असं मला वाटायचं.

हाताला चिकट लागलेलं तिला सहन होत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी एकदा खिडकीतून पाहिलं, तर त्या ओल्या मातीचा गोळा तिच्यापुढे करत होत्या. तिने हात मागे घेतला की मॅडम स्वतःच "नको" म्हणून गोळा लगेच दूर ठेवायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी आत गेले.

"मॅडम, मुद्दाम छळताय का तिला?"

"तिला 'नको' म्हणता आलं ना ताई, की चावावं लागणार नाही."

मला ते पटलं नाही. आधीच हट्टी, तिला आणखी हेच शिकवायचं?

रविवारी मी तिला वरणभात भरवत होते. तिने तोंड फिरवलं. नेहमीसारखी हनुवटी धरून मी घास पुढे केला.

"नको," ती म्हणाली.

इतके दिवस मी 'आई'ची वाट बघत होते.

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मग तुम्ही काय केलंत?" त्यांनी संशयाने विचारलं.

"घास ठेवून दिला," मी म्हटलं.