पहिल्या ओळीतला श्री

आयुष्यात मी एकदाच एका यंत्राला मुद्दाम आजारी ठेवलं, आणि तेही अशा कारणासाठी की ते ऐकून तुम्ही माझ्याकडे दयेनं बघाल. खुशाल बघा. आता मला चालतं. तेव्हा चाललं नसतं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि शिरूर कासारमध्ये माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर 'संचालक' अशी पाटी होती.

संचालन करायला तीन कॉम्प्युटर होते. दसऱ्यापर्यंत विद्यार्थीही होते. मग ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. कुणी जवळ कड्याच्या साखर कारखान्याला, कुणी पार कर्नाटकात. ट्रकमध्ये भांडी चढली, गाद्या चढल्या, त्यांवर माझे विद्यार्थी चढले. चौदाचे पाच झाले, पाचाचे दोन, आणि दिवाळीनंतर मी आणि खुर्च्या उरलो. तरी मी हजेरी घेत असे. नाव पुकारायचं आणि त्या त्या खुर्चीच्या आवाजात 'हजर सर' म्हणायचं. मागच्या खुर्चीवरचा एकजण नेहमी उशिरा बोलायचा, म्हणून मीही त्याच्या वतीनं उशिराच बोलायचो. एकदा खालचा एसटीडी बूथवाला दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता, ते मला शेवटच्या नावाला कळलं.

"समदे आले का सर?" त्यानं विचारलं.

"आले."

"मंग शिकवा," म्हणाला आणि खाली गेला.

हा बूथवाला धनगराच्या घरातला. थोरला भाऊ मेंढ्या घेऊन रानोमाळ, आणि हा बूथवर. बूथच्या मागं दोन शेळ्या बांधलेल्या असत, आणि तुम्ही कुणाशीही बोललात तरी त्या मधे बोलत.

आमचं घर दुकानदारांचं. आई-वडील धाकट्या भावाकडे लातूरला राहायला गेले होते. माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं, कारण मुलीकडचे विचारत, 'कॉम्प्युटरचा क्लास म्हणजे नेमकं विकता काय?' आणि मला उत्तर येत नसे. तर अशा त्या रिकाम्या हिवाळ्यात मला वाटलं, निदान बुद्धिबळ तरी खेळावं. माणूस नाही तर यंत्राशी.

माझ्या एका कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकली होती. बीडच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यात एक कॉम्प्युटरचं मासिक यायचं, त्याच्यासोबत सीडी फुकट मिळायची. त्या मासिकाच्या उरलेल्या एकुलत्या अंकावर एकदा दोन हात एकदम पडले. एक माझा, दुसरा एका पन्नाशीच्या गृहस्थाचा. ते परळीला राहत, वीज केंद्रातल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघत. अंक त्यांनी घेतला, सीडी मला दिली, आणि घरचा फोन नंबर माझ्या तिकिटाच्या मागं लिहिला. आमच्या माहितीत अख्ख्या जिल्ह्यात लिनक्सवाले आम्ही दोघंच. मी त्यांना परळीकर म्हणायचो, ते मला शिरूरकर.

लिनक्सला नवा प्रोग्रॅम हवा असला की ते आधी एक यादी वाचतं. माल कुठल्या कुठल्या भांडारात आहे त्याचे पत्ते त्या यादीत असतात. कुठली सीडी, इंटरनेटवरची कुठली जागा, एका ओळीत एक. माझ्या यादीत जुन्या, ओरखडे पडलेल्या सीड्यांचे पत्ते होते. बुद्धिबळ नव्या सीडीवर. म्हणून मी ती फाईल उघडली, होतं ते सगळं पुसलं आणि मासिकाच्या जुन्या अंकात बघून नव्यानं, सुवाच्य यादी लिहून काढली. यंत्राला म्हटलं, वाच.

यंत्र म्हणालं, 'टाइप श्री इज नॉट नोन ऑन लाइन वन.' पहिल्या ओळीवर काहीतरी आहे, ते मी ओळखत नाही. सबब यादीच वाचणार नाही.

मी पहिली ओळ तपासली. बरोबर होती. पुसली, परत लिहिली. तेच. सीडी बदलली, सीडी सदऱ्याला पुसली, यंत्र बंद करून चालू केलं. तेच. त्या 'श्री'कडे मी लक्षच दिलं नाही, मला वाटलं संगणकाचीच काही भाषा असेल. शेवटी बूथवर जाऊन परळीला फोन लावला.

"फाईल कागदावर उतरवली का?" परळीकरांनी विचारलं.

"उतरवली."

"वाचा."

मी अख्खी यादी वाचून दाखवली, स्पेस कुठं, तिरकी रेघ कुठं, सगळं. मधे शेळी ओरडली तेव्हा ते म्हणाले, "हे बी फाईलीत हाय का?"

"नाही."

"मंग वळी तर बरोबर हायेत. सीडीच खराब असंल. रईवारी येतो मी चांगल्या सीड्या घिऊन."

आता इथं माझ्या मूर्खपणावर प्रकाशझोत टाकायला हवा. आमच्या घरात कोरा कागद दिसला की वर मधोमध 'श्री' येतो. पत्र असो, वाण्याची यादी असो, परीक्षेचा पेपर असो. हात ते आपोआप करतो, त्याला डोकं लागत नाही. आणि पत्र वाचून दाखवताना तो श्री कुणी वाचत नाही. वाचन खालच्या ओळीपासून सुरू होतं. फाईल कोरी झाली, माझ्या हातानं इंग्रजी अक्षरांत वर श्री टाकला, आणि फोनवर मी तो वाचला नाही. आमच्या हिशेबी पहिली ओळ श्रीच्या खालची. यंत्राच्या हिशेबी पहिली ओळ म्हणजे पहिली ओळ.

हे मला कळलं शनिवारी दुपारी, शेंगदाणे खाता खाता. मी 'पहिल्या' ओळीवर होतो आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ओळीचा आकडा होता दोन. मी वर बघितलं. श्री.

तो काढला. यंत्रानं यादी सरसर वाचली. मी आनंदानं दाराकडे वळलो, कुणाला तरी सांगायला, आणि दारात कुणी नव्हतं. जिन्यातही नव्हतं. रस्त्यावर एक कुत्रं होतं, ते झोपलं होतं.

मी खाली गेलो. परळीकरांना सांगायचं, येऊ नका, झालं. नंबर अर्धा फिरवला. मग मला माझी खोली आठवली. दोन दिवस झाडून-पुसून ठेवलेली, पाहुण्यासाठी शेजारून आणलेली उशी, आणलेलं दही. मी रिसीव्हर ठेवला.

"लागंना का?" बूथवाल्यानं विचारलं.

"एंगेज आहे."

"पुरता फिरवल्याबिगर कसं काय कळलं?"

मी वर आलो आणि पहिल्या ओळीत परत श्री लिहिला. चार इंग्रजी अक्षरं. कामाचा आरंभ म्हणून शोभून दिसत होता.

परळीकर रविवारी अकराला उतरले. पहाटे सहाला निघून बीडला गाडी बदलून पाच तास. पिशवीवर वीज केंद्राच्या राखेचा हात फिरलेला, आत टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या सीड्या आणि वहिनींनी दिलेला डबा. चष्मा पुसून ते यंत्रासमोर बसले. मी मागं उभा राहून काळजीत पडलेल्या माणसाचा अभिनय केला. तुम्ही म्हणाल, त्यांना श्री दिसला कसा नाही? नाही दिसला. तेही त्याच जिल्ह्यात वाढलेले. त्यांची नजर सरळ दुसऱ्या ओळीवर उतरली, आणि यंत्राच्या तक्रारीतला 'श्री' त्यांनाही संगणकाचीच भाषा वाटला. यादीला हात न लावता दीड तास ते सीड्या बदलून बदलून यंत्राला ती वाचायला लावत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी 'अरेरे' म्हणालो, दर वेळी थोडं वेगळं.

"जेवू," ते म्हणाले.

जेवून आम्ही बुद्धिबळ खेळलो. प्रवेश अर्जाच्या पाठीमागं पट आखला. चिंचोके काळे, शेंगदाणे पांढरे, कुठला उंट आणि कुठला हत्ती ते शाईनं लिहिलेलं. मेलेलं शेंगदाण्याचं प्यादं खायचं, असा नियम त्यांनी काढला. ते माझी फौज खात खात बोलत होते. परळी स्टेशनावर गाडी कधी लागते, तुळशीवरची राख रोज कशी धुवावी लागते, थोरल्या मुलीला लेखी परीक्षेची भीती कशी वाटते. मी दोन महिन्यांत एवढं ऐकलं नव्हतं. हरलो, तरी मला उठावंसं वाटेना. तीनच्या गाडीनं ते निघाले.

"म्हैन्यानं येतो," ते म्हणाले. "ह्यो घोळ लई इचित्र हाय. मला झोप यायची न्हाई."

म्हणजे त्यांची झोपही गेली होती. मी ते ऐकलं आणि तरी काही बोललो नाही. महिनाभर यंत्राला हात लावला नाही, यादी तशीच ठेवली. तारखा मोजल्या.

दुसऱ्या खेपेला तेच झालं, फक्त डब्यात शेवग्याची भाजी होती आणि मी दोन डाव जिंकलो. जाताना त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. "तुमची फाईल नेतो. निवांत बगतो घरी." फाईल शेवटची कधी बदलली त्या तारखेसकट उतरवून घेतली. ते हात धुवायला गेले होते तेव्हा मला तो श्री काढता आला असता. का काढला नाही, ते अजून नीट सांगता येत नाही.

बुधवारी बूथवाल्यानं खालून हाक मारली. "सर, परळी."

"शिरूरकर," आवाज सपाट होता. "तुमी मला यादी वाचून दाखवली तो वार कोणता?"

"गुरुवार."

"फाईलीवर तारीख हाय शनवारची. मी यायच्या आदल्या दिवसाची. शनवारी काय केलं?"

शेळी या वेळी गप्प होती. अशा वेळी ती नेमकी गप्प असते.

"श्री लिहिला."

"आधी नव्हता?"

"होता. काढला. मग परत लिहिला."

"काढल्यावर चाललं?"

"चाललं."

"मी दोन खेपा मारल्या," ते म्हणाले. "पाच तास यायला, पाच जायला. पोरीचा पेपर व्हता त्या आठवड्यात, तरी आलो. बोलवायचंच व्हतं तर नुसतं बोलवायचं. यंत्राला कावून आजारी पाडलं?"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. बूथवाला वहीत काहीतरी लिहीत राहिला.

वर येऊन मी फाईल उघडली. श्री पुसायला हात होईना. लिनक्समध्ये ओळीच्या सुरुवातीला # अशी जाळीदार खूण टाकली की यंत्र ती ओळ वगळून पुढं जातं, माणसाला मात्र ती दिसते. मी श्रीच्या आधी ती खूण टाकली. यादी वाचली गेली. परळीकरांनी ठेवलेल्या सीड्या एकामागून एक मागत यंत्रानं सगळी भांडारं नोंदवून घेतली. अक्षरं घोटीव आली, छापायचा प्रोग्रॅम आला, आणि बुद्धिबळही आलं. यंत्र ठणठणीत झालं. पाच-दहा मिनिटांचं काम.

मी बुद्धिबळाचे तीन डाव खेळलो. तिन्ही हरलो. यंत्र जिंकलं की काहीच बोलत नाही. मेलेली प्यादी नुसती नाहीशी होतात. चौथा डाव मी मांडला नाही.

मग संक्रांत गेली. मी हजेरी घेणं बंद केलं होतं, कारण खुर्च्यांचे आवाज काढताना आता माझाच आवाज मला ऐकू यायचा. एका शुक्रवारी मी खाली जाऊन परळीचा नंबर पुरता फिरवला. वहिनींनी उचलला. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांची शेवग्याची भाजी तेवढी ओळखीची होती.

"शिरूरहून बोलतोय," मी म्हणालो.

"आवो," त्या घरात ओरडल्या, "शिरूरचे भावजी हायेत." मग मला म्हणाल्या, "मशीन बिघडलंय का, इचारायलेत."

"नाही. मशीन चांगलं आहे."

"मशीन चांगलं हाय म्हणतेत." कुकरची शिट्टी झाली. "मंग फोन कावून केला, इचारायलेत."

बूथवाला माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"करमत नाही," मी म्हणालो.

"आवो, त्यांना करमत न्हाई म्हणतेत," वहिनी अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. भांडी थांबली. कुणीतरी काहीतरी विचारलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग वहिनींचा आवाज परत आला, जरा खालच्या पट्टीत.

"शिरूरहून परळीला यष्टी येती का न्हाई, असं इचारायलेत."

खरं सांगतो, दोन महिन्यांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"येते," मी म्हणालो. "पण बीडला बदलावी लागते."

वहिनींनी ते आत कळवलं. आतून उत्तर यायला काही वेळ लागला नाही.

"मंग बदला म्हणतेत."