बांधावरचा ठिपका

अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, काचेच्या निगेटिव्ह अक्कानं मला दिल्या तेव्हा मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. "माझ्याकडे राजाजीनगरात जागा नाही. तुला हौस आहे, तू बघ," एवढंच म्हणाली. अण्णा नोकरीपायी खेड्यांतून हिंडत, तेव्हा लाकडी कॅमेरा बरोबर असे. नाचणीची शेतं, तळी, खडकाळ माळ. दोन खोकी भरून काचा होत्या, बुरशी धरलेल्या.

तीन वर्षं मी त्यांच्यामागं घालवली. जे. पी. नगरच्या घरातली न्हाणी काळ्या कापडानं बंद केली. काचेची कोरी बाजू कापसानं पुसायची, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, मग काच थेट फोटोच्या कागदावर ठेवून क्षणभर दिवा लावायचा. नवरा दाराशी येऊन इथल्या कानडी सवयीनं म्हणायचा, "स्वल्प, जरा बाहेर ये, जेवून घे."

एका काचेवर तळ्याचा लांबलचक बांध होता. सगळ्यांत सुंदर तीच. पण बांधाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका, भोवती बुरशीचे तसलेच. छापल्यावर तो पांढरा उमटे आणि नजर तिथंच जाई. भिंगातून पाहिलं, कडा खाल्लेल्या होत्या. डागच वाटला. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. दोन दुपारी बसून बारीक पात्यानं मी ते सगळे ठिपके खरवडून काढले.

प्रदर्शन जयनगरातल्या एका हॉलमध्ये होतं. लोक वाखाणत होते. अक्का वॉकर टेकत आली आणि त्या फोटोपुढं थांबली ती हलेचना.

"आई कुठाय?"

"कुठली आई?"

"आपली. त्या टोकाला उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. मी कॅमेऱ्याशेजारीच बसले होते. हलू नको म्हणून अण्णा तिच्यावर ओरडलेसुद्धा."

मी सात महिन्यांची असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही, असंच मला लहानपणापासून सांगितलेलं. सांगणारी अक्काच.

"तू कधी बोलली नाहीस, अक्का."

"चेहरा कुठं दिसत होता? एवढ्याशा ठिपक्याला फोटो कोण म्हणतं? आणि मला वाटलं, तुला दिसेलच."

"मी खरवडला तो."

 ती कानडीत "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि मुलाला गाडी आणायला सांगितली.

घरी येऊन मी खरवडण्याआधी छापून पाहिलेले कच्चे कागद शोधले. ते केव्हाच रद्दीत गेले होते.

आठवड्यानं भाचा दारात उभा. "मावशी, आईनं खोकी परत मागितलीत." मी दिली. तीसुद्धा काच दिली.

पातं मी चालवलं, हे खरंच. पण एवढी वर्षं आई कुठं उभी आहे ते अक्काला ठाऊक होतं, आणि ते मला दाखवावंसं तिला वाटलं नाही, याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. तिनंही मला केलं नसावं. सणाला फोन होतो. तब्येती विचारतो आणि ठेवतो.