तीन बोटं

सकाळी सात वाजता आबा काउंटरपाशी येत, माझ्याकडे पाठ करत आणि बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघत. मग वळून आकडा सांगत. "आज दोनच, भाऊ." एखाद्या दिवशी अडीच असत, तेव्हा चहा जरा जास्त गोड लागे त्यांना. तीन मात्र कधीच नाहीत.

खंडाळ्यातल्या ज्या हॉटेलात मी काउंटरवर बसतो, तिथे आबा तीस वर्षं खोल्या बघत होते. नवा माणूस लागला की पहिला धडा आबांचाच. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. गरम पाणी संपलेलं असो की दरीकडची खोली भरलेली असो, "बघतो साहेब" म्हणायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबांनी तर हा धडा इतका घोटला होता की त्यांच्या तोंडून "व्हय"शिवाय काही निघतच नसे.

एका सकाळी ते उठले तर तोंड उघडेना. कुणीतरी ओरडलं, "आबांची दातखीळ बसली!" झालं! दातखीळ म्हटल्यावर जे जे करतात ते सगळं सुरू झालं. आचाऱ्याने कांदा फोडून नाकाला लावला. भांडीवाल्या मावशींनी स्वतःची चप्पल हुंगवली. ड्रायव्हर चमचा घेऊन दात उचकटायला निघाला, त्याला मी धरून ठेवला. आबा पूर्ण शुद्धीवर होते हो, बंद दातांतून चहा मागत होते, पण ऐकतो कोण? शेवटी एका पाहुण्याने 'धनुर्वात' हा शब्द काढला. तेव्हा मीही घाबरलो आणि त्यांना लोणावळ्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. गंजकं काही लागलंय का, तंबाखू-मावा खाता का, अक्कलदाढ दुखते का, एकाच बाजूने चावता का, सगळं विचारून झालं. आबा नुसती मान हलवत होते. मग बाईंनी विचारलं, "झोपेत दात खाता का?"

आबा दुखावले. दात न उघडताच म्हणाले, "कुणावर खाऊ, बाई? माजा कुणावर दात न्हाई."

मला हसू आवरेना. बाईही हसल्या, पण आरसा घालता येईल तेवढा आत घालून म्हणाल्या, "खाता, आबा. दाढा झिजून सपाट झाल्यात." कानापुढच्या सांध्यात एक चकती असते, दात सतत आवळले की ती सरकते आणि जबडा अडतो, असं त्यांनी समजावलं. गरम पाण्याचा शेक, मऊ भात, जांभई आली तर हनुवटीखाली मूठ. रात्री दातांवर घालायला एक पट्टी. जोर करून तोंड उघडायचं नाही. दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. आणि तीन बोटं आत गेली की समजायचं, बरं झालं.

"कसली काळजी आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाई," म्हणाले आबा. हा शब्द त्यांना फक्त अशाच ठिकाणी जमत असे.

काळजी होती. परतताना त्यांनी सांगितली. पवन मावळातल्या घरी त्यांची बायको एकटी होती आणि तिला काचबिंदू झाला होता. दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालायचे होते. "तिचा हात कापतोय. थेंब समदे गालावर पडत्यात. मी गेलो न्हाई तर तिची नजर जाती, भाऊ." मालक मात्र दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येऊन म्हणत, "आबा, एवढा सीझन काढा." आबांनी असे किती सीझन काढले ते त्यांनाच ठाऊक.

या वर्षी नाही म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. रोज दुपारी मी मालक व्हायचो. आबा शेक घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मालक, न्हाई जमायचं." पहिल्या दिवशी स्वतःच लाजले. आठवड्याने आवाज ठीक लागला. "व्हय कसं दात मिटून बी म्हनता येतंय," ते म्हणाले, "न्हाईला तोंड उघडावं लागतंय."

मालक आले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, तुमच्याशिवाय हॉटेल कसलं? एवढा सीझन काढा, काय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. गालाचा स्नायू टरारून वर आला, मान ताठ झाली, आणि मिटल्या दातांमागून आवाज आला, "हूं."

"शाब्बास!" म्हणाले मालक.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. काचबिंदू, थेंब, सगळं मला माहीत होतं. माझा जबडा ठणठणीत होता. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण मलाही त्याच मालकांकडे नोकरी करायची होती, आणि मी रजिस्टर चाळत राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

पूर्ण सीझनभर आकडा अडीचच्या वर गेला नाही. दोन दिवसांची रजा मिळाली, ती येण्याजाण्यात आणि तळेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसण्यात गेली. गणपती उठल्यावर आबा पुन्हा घरी जाऊन आले. त्यांनी तिच्या तोंडासमोर हात धरला तरी बायकोला दिसत नव्हता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मालकांना खरंच वाईट वाटलं. "दिवाळीपर्यंत राहा, आबा," ते म्हणाले, "मग बघू."

"न्हाई," म्हणाले आबा. एवढं मोठं तोंड उघडून म्हणाले की त्यांच्या झिजलेल्या दाढा मला काउंटरवरून दिसल्या.

निघताना पिशवी खाली ठेवून त्यांनी बोटं तोंडात घातली. या वेळी पाठ केली नाही. तिन्ही गेली. बोटं धोतराला पुसत म्हणाले, "आता जात्यात बगा," आणि पिशवी उचलून रस्त्याला लागले.

मालक दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळले. "खोल्यांचं आता तूच बघ. दिवाळीचा एवढा सीझन काढ, काय?"

मी म्हटलं, "हूं."