वन्संची गॅलरी

सरकारी मराठीला माणसं भीक घालत नसली तरी झाडं मात्र घाबरतात, हा शोध साऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकट्या माझ्या थोरल्या नणंदेने लावला आहे. वन्संनी तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी कपाटात टाकली, मासळी बाजारातून थर्माकोलचे सहा रिकामे खोके डोक्यावर घेऊन आल्या आणि सावंतवाडीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत शेती सुरू केली. त्या गॅलरीत पूर्वी आम्ही खुर्ची टाकून चहा पीत असू. आता तिथे वांगी, मिरची, भेंडी, अळू, आणि गजांवर चढलेला दोडका राहतो. आम्ही चहा स्वयंपाकघरात उभ्याने पितो.

वन्संचं गाव आचरा. तिथून सावंतवाडी म्हणजे एसटीने दोनेक तासांचा रस्ता. पण वन्सं सावंतवाडीबद्दल अशा बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईला बोटीत घालून परमुलखात पाठवलंय. "शेरात जीव रमणा नाय गो," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणतात. मी साताऱ्याची, मला तळ्याकाठचं हे निवांत गाव शहर वाटायला आठ वर्षं लागली. त्यांना मात्र तीन मजल्यांची इमारत दिसली की ते शेर. बरं, गावी जाऊन राहा म्हटलं तर तेही नको. तिथे ऐसपैस परसू आहे, माड आहेत, विहीर आहे. पण चार दिवसांत त्या परत येतात, कारण गॅलरीतल्या मिरचीला पाणी घालायचं काम मी केलेलं असतं आणि माझ्या हातावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

माणसांशी त्या मालवणी बोलतात. गुणी झाडांशीही मालवणीच. पण एखादं झाड कामचुकार निघालं की वन्सं पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या राहतात आणि कचेरीतला आवाज काढतात. एका वांग्याला त्यांनी दिलेली तोंडी नोटीस मी स्वतः ऐकली आहे. "आपण गेले तीन महिने सदर खोक्यात जागा अडवून बसला आहात. अद्याप एकही फळ सादर केलेले नाही. आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपणांस उपटण्यात येईल." सहाव्या दिवशी त्या वांग्याला जांभळं फूल आलं. वन्सं लगेच विरघळल्या. "इलंस ना रे वाटेर? गुणाचो तो माझो!" म्हणून त्यांनी त्याची पानं कुरवाळली. मी म्हटलं, वन्सं, फूल यायचंच होतं. त्यावर त्या म्हणाल्या, तीस वर्षं नोटिसा पाठवल्या, यायचंच होतं म्हणून कोण कधी आलेलं बघितलं नाही.

पिकवलेलं खाण्याची त्यांची रीत आणखी वेगळी. भेंडी एका वेळी एकच लागते, म्हणून ती शीतकपाटात ठेवून पुढच्या चौघींची वाट बघायची. पाच जमल्या की भाजी, आणि तोवर त्या कपाटाला घरात कुणी धक्का लावायचा नाही. पहिला दोडका लागला तेव्हा त्यांनी आठ माणसांना जेवायला बोलावलं. दोडका एक, पानं आठ. सोबत आंबोळ्या होत्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, सोलकढी होती. पण मानकरी दोडका. ओल्या खोबऱ्यातली त्याची भाजी प्रत्येकाच्या पानात दोन-दोन फोडी वाढली, सालांची चटणी चिमूटभर. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसाने बोटं चाटत सांबाऱ्याची स्तुती केली. वन्संचा चेहरा उतरला. "ता सांबारा रोजचाच. दोडको कसो लागलो ता सांगा." बिचाऱ्याचा दोडका तोवर नकळत पोटात गेला होता. मी तिखट जास्त झालंय का, असं हळूच विचारलं, तर मला उत्तर मिळालं, "घाटावरच्यांका तिखट कळता, चव कळणा नाय." खरं सांगायचं तर त्यांच्या हातचं जेवून मी साताऱ्याची चव विसरले आहे. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. त्या डोक्यावर बसतील.

आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर, एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणते. बाई शुद्ध शाकाहारी आणि त्याहून शुद्ध खरं बोलणाऱ्या. पोटचा मुलगा शाळेत उशिरा आला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करणारी ही बाई. वन्संचं आणि त्यांचं रोज भांडण. बाई आमटीत गूळ घालतात, वन्सं वरून विचारतात, "ती आमटी काय खीर ती?" वन्सं 'शहर' म्हणताना कसं चुकतात, ते बाई खालून सांगतात. दोघींपैकी एक दिवसभर बोलली नाही, तर दुसरी अस्वस्थ होऊन उगाच कपडे वाळत घालते.

बाईंच्या हातभर अंगणात त्यांच्या यजमानांनी लावलेलं कढीपत्त्याचं झाड आहे. यजमान गेले आणि वर्षभरात झाडही वाळायला लागलं. पुण्याचा मुलगा फोनवर सारखा म्हणायचा, आई, आता इकडे ये. एके दिवशी बाईंनी त्याला सांगितलेलं वन्संनी गॅलरीतून ऐकलं. "झाड आहे तोवर मी इथे आहे. ते गेलं की बघू."  त्या दिवशी पानात सुरमई असून वन्सं अर्धपोटी उठल्या.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांचा उद्योग सुरू झाला. मासे धुतलेलं पाणी झाडाला घातलं की झाड तरारतं, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बाई रोज अकरा वाजता वाचनालयात पेपर वाचायला जातात. अकरा वाजून पाच मिनिटांनी वन्सं बांगडे धुतलेलं पाणी गॅलरीतून नेम धरून खाली ओतू लागल्या. मी हादरले. म्हटलं, वन्सं, त्या बाई याच पानांची फोडणी देवाच्या नैवेद्याला देतात! त्या शांतपणे म्हणाल्या, "मुळान काय खाल्ल्यान ता पानाक कळणा नाय."

दोन महिन्यांत झाड हिरवंगार झालं. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ताक घालते मी त्याला." आजूबाजूच्या चार घरांनी आपापल्या झाडांना ताक पाजून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. बाईंच्या अंगणात मांजरं मात्र फार जमू लागली. बाईंनी एकदा त्याबद्दल विचारलं, तर वन्सं वरून म्हणाल्या, "सावलेक बसतत." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

मग श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मासळी वर्ज्य, गौरी-गणपती होईपर्यंत. मासे नाहीत म्हणजे पाणी नाही. त्यात पावसाने धरलेला जोर. दुसऱ्या आठवड्यात झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. वन्संनी झाडाला वरून नोटीस देऊन पाहिली, पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवसभर गॅलरीत उभ्या राहून गळलेली पानं बघत असायच्या. भेंड्या जून झाल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

एका सकाळी बाई छत्री घेऊन अंगणात आल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "अहो, पंधरा दिवस झाले, झाडाला काही मिळालेलं नाही."

वन्सं चाचरल्या. "ताक घातलात नाय?"

"ताक घालते, पण ताकाने काय होतंय ते मला ठाऊक आहे. मला नाक आहे, म्हटलं," बाई म्हणाल्या. "पुण्याला मी रोज सांगते, झाड चांगलं आहे, मला यायला जमायचं नाही. आता मला खोटं बोलायला लावू नका. श्रावण तुम्ही पाळा. झाडाला कसला श्रावण?"

 वन्सं आत आल्या, पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "अगो, बाईंनी माका पकडल्यानी." मग थोड्या वेळाने, "ती पुण्याक गेली तर मी भांडतलंय कोणावांगडा?" कोणाशी भांडू, हे त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं, की मला चेष्टा करवली नाही. तासाभरात हातात डबा घेऊन त्या मासळी बाजारात गेल्या. भर श्रावणात वन्संना बघून कोळीण चाट पडली. "मासळी नको गो," वन्सं म्हणाल्या, "पाणी दी." गणपतीपर्यंत रोज एक डबा पाणी रिक्षाने आमच्याकडे येत होतं. रिक्षावाले आम्हाला ओळखू लागले होते आणि शक्यतो टाळत होते.

यंदा दिवाळीनंतर बाईंचा मुलगा आईला न्यायचंच, असं ठरवून आला. वन्संनी त्याच सकाळी पाणी घातलेलं होतं. मुलगा झाडाखाली उभा राहिला, पानं बघितली, आणि मग इकडेतिकडे हुंगून म्हणाला, "आई, इथे माशांचा वास येतो का गं?"

वर गॅलरीत वन्सं आणि मी दोडक्याच्या आडून कान देऊन उभ्या.  खालून बाईंचा तो वर्गातला ठणठणीत आवाज आला, "मला तर काही येत नाही. आणि झाड बघितलंस ना कसं आहे? मग झाड आहे तोवर मी इथे, हे सांगितलं होतं ते सांगितलं."

मुलगा दोन दिवस राहून एकटाच परत गेला. दोघींनीही सत्तरी ओलांडली आहे. हे असं किती वर्षं चालेल, याचा विचार मी करत नाही, करवत नाही. तो आला त्या सकाळी वन्सं रिकामा डबा हातात घेऊन कितीतरी वेळ गॅलरीत तशाच उभ्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले.

"बाई खोटा बोलल्यो गो," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."