गणूतात्यांची तांबडी कोंबडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा घोटाळा मी अगदी अभ्यासपूर्वक केलेला आहे!

नागपूरला शेतकी शिकून मी परत आलो तो एकच वेड घेऊन. भिवपुरीजवळचं आमचं गाव सुधारायचं. सुरुवात कुठून? कोंबडीपासून! आमची गावठी कोंबडी अंडं घालणार सुपारीएवढं, आणि तेही तिच्या मनात आलं तर. म्हणून तिथल्या मास्तरांच्या मागे लागून पांढऱ्या विलायती जातीची अंडी मिळवली. भुशात अंडी बसवलेली ती करंडी नागपूरपासून कर्जतपर्यंत मांडीवर धरून आणली. झोप नाही, पाय हलवणं नाही. गाडीत एका बाईंनी तर विचारलं, "आत तान्हं आहे का हो?"

आता ही अंडी लवकर उबेला लागायला हवीत. नाहीतर करंडी फेकायची आणि तिच्याबरोबर गावसुधारणाही! आमच्या घरच्या कोंबड्या भटक्या, एकही बसायला तयार नाही. तेवढ्यात कळलं की गणूतात्यांकडे तीन कोंबड्या खुडूक झाल्यात. म्हणजे अंडी घालायचं सोडून नुसत्या जागा धरून बसल्यात. तात्या माझ्या वडिलांचे जुने स्नेही. सकाळीच गेलो.

"तात्या, तुमच्या खुडूक कोंबड्या बघायच्यात."

"बघ की रं! तुजंच घर हाय."

कशाला बघायच्यात, ते मात्र मी सांगितलं नाही! संध्याकाळी चार माणसं जमवायची, छोटंसं भाषण करायचं, मग करंडी उघडायची, असा माझा बेत. नव्या विचाराला थोडा थाट नको का?

पहिली कोंबडी उचलली. हलकी! हिच्या पोटाखाली अंडी मावणार किती? दुसरी चोच मारून पळाली. ही काय बसणार? तिसरी तांबडी. वा! हातात जड, छाती रुंद, पोट मऊ. मी तिची छाती चाचपली, पंख उचलून पाहिला, दोनदा तोलून पाहिली.

"तात्या, हीच! अंगानं कशी भरलीय बघा. मी संध्याकाळी येतो, तोवर हिला बाहेर सोडू नका."

तात्यांच्या पत्नी पार्वतीकाकू दारातून म्हणाल्या, "अरं, ती खुडूक हाय. परड्यात कवळा कोंबडा हाय की!"

"काकू, कोंबडा काय कामाचा? मला हीच पाहिजे. आणि तात्या, चार माणसांना बोलवा बरं का."

"त्ये काय सांगाया लागतं व्हय?"

काकूंनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान डोलावली. मला वाटलं, माझ्या ज्ञानापुढे दोघं गप्प झाली!

कोंबडी दिवेलागणीला अंड्यांवर बसवावी, हे मला पाठ. त्या वेळेला करंडी घेऊन पोचलो. अंगण सारवलेलं, घोंगड्या अंथरलेल्या, माणसं धुतलेले सदरे घालून बसलेली. सुधारणेची केवढी ही ओढ! करंडी काकूंच्या हाती दिली.

"जपून हं. अंडी आहेत. चुलीजवळ ठेवा, मी सांगेन तेव्हा आणा."

"कशाला आनायचं रं येवडं?" काकू संकोचल्या.

"काकू, सगळ्या गावासाठी आहेत!"

मग मी उभा राहून बोललो. खूप बोललो. देश, खेडं, आळस, विलायती जात, काही म्हणून सोडलं नाही. आतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता, तरी थांबलो नाही. पुढे बसलेला एकजण सारखा आवंढा गिळत होता. मला वाटलं, गहिवरला बिचारा!

शेवटी हात उंचावून गरजलो, "काकू, आणा आता ती कोंबडी! आणि अंडीही आणा!"

काकू पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"दोनी एकातच केली रं बाबा. चूल काय, येकच हाय."

मी पातेल्यात वाकून पाहिलं. "ही... ती तांबडी?"

"मंग? पावन्यानं बोट ठेवलं तिच्यावर! दुसरी कापली असती तर तू काय म्हनला असतास?"

तात्यांनी पहिली वाढणी माझ्या ताटात घातली. तंगडी, आणि तिला टेकून अर्धं कापलेलं विलायती अंडं! सांगून टाकावं का सगळं? काकूंच्या कपाळावर अजून चुलीचा घाम होता. मी भाकरी मोडली.

आणि खोटं कशाला बोलू? रस्सा उत्तम झाला होता.

"खुडूक म्हंजे नुसती हाडं," मघाचा गहिवरलेला गृहस्थ तंगडी चोखत म्हणाला, "पन हिला मांस बग केवडं! नागपूरला ह्येच शिकिवत्यात व्हय रं?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून वाडीत कुणाकडे पाहुणे आले की मला बोलावणं येतं. "दादा, जरा हात लावून सांगा, कुठली कापू?" मी जातो, छाती चाचपतो, तोलतो, सांगतो. गावात पांढरं पिल्लू अजून एकही नाही. पण माझी निवड, अभिमानानं सांगतो, एकाही पाहुण्यानं ताटात टाकलेली नाही!