तुह्या घरचं नाई

फोन वाजला तेव्हा मी बिबट्याने मारलेल्या एका गाईचा पंचनामा वाचत होते. माझ्या टेबलावरचा हा फोन वाजला की आधी पोट आत ओढलं जातं आणि मग हात पुढे जातो. इतक्या वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही. उचलला. पलीकडून कोणीतरी दम खात बोललं, "काकू, तुमच्या घरचं नाई..." मी खुर्चीला पाठ टेकली, श्वास सोडला. आवाज राजूचा होता, विमलबाईच्या मुलाचा. आता हा आईच्या औषधाचं नाहीतर वांग्यांचं काहीतरी सांगणार, म्हणून मी पेनाचं टोपण शोधू लागले. तेवढ्यात तो म्हणाला, "आई गेली, काकू. चुलीपाशी चहा ठेवत होती... तशीच कलंडली."

या गोष्टीला काही आठवडे झाले. आईच्या मरणाची खबर देणारा मुलगा आधी मला 'तुमच्या घरचं नाही' असं का म्हणाला, हे आमच्या ऑफिसाबाहेरच्या कोणालाही उमगणार नाही. ते सांगायचं तर विमलबाईच सांगावी लागेल.

विमलबाई आमच्या वनविभागाच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. वयाने माझ्या आईच्या बरोबरीची, पण साहेब सोडले तर तिला सगळे अरेतुरेच करायचे, आणि तीही त्यांना सोडून सगळ्यांना. ऑफिसच्या मधोमध एक काचेची खोली होती, त्यात कपाटाएवढं जुनं एक्स्चेंज, आणि त्यापुढे खटक्यांचा बोर्ड. बाहेरचा फोन आला की एखाद्या खटक्यावरची बत्ती लागायची. तो आधी बाईच्या कानात जायचा, मग ज्याचा त्याला. तिचं माहेर आणि सासर दोन्ही तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. डब्यात झिंगे-वांगे असले की अख्ख्या ऑफिसला वासानेच कळायचं. तोंडाने फटकळ. साहेब घाई करू लागले तर त्यांनाही म्हणायची, "साहेब, लाईन लागून राह्यली ना. लाईनले काय हाकलू का आता?"

मी बल्लारपूरची. वडील कागदाच्या गिरणीत होते, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं असं आमचं बालपण. वाघ आम्ही कॅलेंडरवर पाहिलेला. मुळात मी भित्री, पालीलाही भिणारी, आणि लग्न झालं ते वनरक्षकाशी! यांची ड्युटी वनविभागाच्या तपासणी नाक्यावर आणि त्याभोवतीच्या जंगलात, जिथे मोबाइलला रेंज नाही, नाक्यावर तेवढा एक तारेचा फोन. गावागावात समाजमंदिराच्या भिंतीवर आमच्या ऑफिसचा नंबर रंगवलेला, वाघ-बिबट दिसल्यास कळवा म्हणून. त्यामुळे जंगलात कोणाचंही काहीही झालं तरी ते आधी त्या काचेच्या खोलीत यायचं. आणि माझं टेबल नेमकं त्या काचेसमोर. घंटा वाजली की माझ्या हातातलं काम थांबायचं. बाईने ते कधी हेरलं कोण जाणे. एक दिवस डबा खाताना म्हणाली, "काऊन व मंगल, फोन वाजला का तू भुतावानी पांढरी काऊन पडतं?" मी सांगितलं. मला रोज वाटतं की हा फोन यांचाच. ती उठून हात धुवायला निघून गेली. मला वाटलं, हसली असेल मनात.

त्या दुपारी फोन आला. बाईने तो ऐकला, आणि साहेबांना जोडण्याआधी काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. किंचितशी, डावीकडून उजवीकडे. तुह्या घरचं नाई. त्या दिवसापासून ती रीतच होऊन गेली. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात, धान कापणीला, घंटा वाजली की मी वर बघायची आणि बाईची मान हलायची. याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. फोन कोणाच्या तरी घरचा असायचाच, आणि पुष्कळदा मान हलवल्यावर बाई पदराने डोळे पुसतानाही दिसायची. तरी त्या हललेल्या मानेवर माझा दिवस निघायचा.

एक्स्चेंज मात्र म्हातारं झालं होतं. पावसाळ्यात आपोआप बत्त्या लागायच्या, साहेबांच्या फोनमध्ये मधेच कोणाच्या तरी सोयाबीनचा भाव ऐकू यायचा. चंद्रपूरहून येणारा मेकॅनिक म्हणायचा, याचे पार्ट आता बनत नाहीत. बाई पेटीच्या पाठीवर दोन थापा मारायची आणि ती पुन्हा चालू व्हायची. आम्हाला वाटायचं, हिचा त्या पेटीवर भारी जीव आहे.

मग तो दिवस आला... तेंदूचा हंगाम होता, दुपारचं ऊन नुसतं जाळत होतं. घंटा वाजली. मी वर बघितलं. बाईने कानाला रिसीव्हर लावला, सवयीने माझ्याकडे बघितलं, आणि मान हलायला लागणार तोच ती थबकली. मग तिने नजर खाली घेतली. खटके वर-खाली करू लागली, पेटीवर थापा मारू लागली. माझ्याकडे परत बघेना. मी टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचू लागले, कडेला कड लावून. काय करतेय ते मलाच कळत नव्हतं. सकाळी हे निघताना मी आंघोळीचं पाणी काढत होते, पाठमोरीच 'हो हो' म्हणाले होते. यांचं तोंडही नीट बघितलं नव्हतं.

बाई खोलीतून बाहेर आली. ड्युटीच्या वेळात ती खुर्ची सोडून आलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तिने माझं मनगट धरलं. "नाक्यावरून होता. 'वाघानं गार्डाले' एवढंच आयकू आलं, अन् मेला डबा बंद पडला. कोन्त्या गार्डाले, ते मले नाई माहीत. तुह्याशी खोटं नाई बोलनार मी." नाक्यावर तिघे गार्ड होते. त्यातले एक हे.

साहेबांनी जीप काढली. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढून नाक्यावर आणि तिघांच्याही नंबरांवर फोन लावून पाहिले. नाक्यावर कोणी उचलेना, आणि मोबाइलमधली ती मुलगी एकच सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाई परत आत गेली. काचेतून मला तिची नुसती पाठ दिसत होती आणि पेटीवर आपटणारा हात. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. घेतलं तर काय मागायचं? माझा वाचू दे म्हणायचं, म्हणजे उरलेल्या दोघांपैकी एकाचं नाव पुढे करायचं. मी पंख्याचा आवाज ऐकत बसले... किती वेळ, सांगता येणार नाही. मग एक बत्ती लागली. बाईने या वेळी खुर्चीच फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून सगळा फोन ऐकला. मान हलवली. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

रामदास होता, यांचा जोडीदार. वाघाने खांद्याला धरलं होतं. यांनी आणि तेंदूवाल्या बायांनी आरडाओरडा करून त्याला सोडवलं, उचलून रस्त्यापर्यंत आणलं. मला हे कळलं, पण रामदासच्या बायकोला, सुनंदाला, अजून कळायचं होतं. बाईने तिच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला. मी काचेला टेकून उभी होते. "सुनंदा, मी विमलबाई बोलून राह्यली. नीट आयक. रामदासले वाघानं धरलं. जिता हाय. आंगावर हाय त्याच लुगड्यावर निघ, जीप येऊन राह्यली." किरकोळ लागलंय वगैरे काही नाही. मग मी रडले. सुनंदासाठी की सुटले म्हणून, ते आजही सांगता येत नाही. रामदास वाचला, हात मात्र कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "हा डबा बदला." साहेब चकितच झाले. नव्या यंत्रणेचं पत्र त्यांच्याकडे कधीचं आलेलं होतं, पण तिच्यात प्रत्येक टेबलावर सरळ फोन येतो, ऑपरेटर लागत नाही. बाईचं रिटायरमेंट जवळ आलं होतं, म्हणून ते थांबले होते. "बाई, मग तुमचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माह्यं काय करता? आवक-जावकमधी बसवा मले. हा राह्यला त एखांद्या दिवशी कोनाचा जीव घेईन." त्यानंतर ती रोज जाऊन विचारायची, साहेब, कधी येते? शेवटी साहेबांनीच वैतागून सह्या केल्या.

मला खरं तर तिचा रागच आला. डबा खाताना मी म्हटलं, "बाई, तू तर चालली आवक-जावकमध्ये. मग मान कोण हलवणार?" तिने घास चावून संपवला. "ते पाह्यते मी," म्हणाली.

नवी यंत्रणा आली. पांढरे चपटे फोन, त्यावर नंबर दाखवणारी इवलीशी काच. खोलीतलं कपाट गेलं आणि भिंतीवर डब्याएवढी पेटी लागली, तिच्यात हिरवे दिवे. बसवणारा पोरगेलासा इंजिनियर मोठ्या कौतुकाने सगळं दाखवत होता. बाहेरून फोन लावला की एक बाई गोड आवाजात बोलते, आपले स्वागत आहे, मराठीसाठी एक दाबा, वगैरे. विमलबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाली, "बापू, वाघ समोर उभा असन त मानूस एक दाबन का दोन?" गावागावात भिंतीवर रंगवलेल्या नंबरावरून तिने त्या गोड आवाजाला हटवायलाच लावलं. तो फोन मग सरळ एका टेबलावर वाजायला हवा होता. कोणाच्या? बाईने माझ्याकडे बोट केलं.

मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले. "मी नाही उचलणार. मला किती भीती वाटते ते तुला माहीत आहे, आणि तरी माझ्याच टेबलावर?"

"म्हनूनच," ती म्हणाली. "जिले भेव वाटते ते एकबी शब्द खाली पडू देत नाई."

तिच्यापुढे कोणाचं चाललं होतं, ते माझं चालणार? फोन माझ्या टेबलावर आला. आवाज स्वच्छ, लाईन एकदाही मधे तुटली नाही, हे कबूल करायला हवं. पण घंटा आणि माझ्यामध्ये आता कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा मी उठून उभीच राहिले. उचलला, तर पलीकडून आवाज आला, "मंगल, तुह्या घरचं नाई. मी हाओ." ती आवक-जावकमधून बोलत होती. मान वर केली असती तर दिसली असती.

मग ते रोजचंच झालं. रिटायर होऊन गावी गेली तरी तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य तेच, आणि मग तळ्याचं पाणी, सुनेचं बाळंतपण, वांग्यावर पडलेली कीड. कधी कधी सांगायला काहीच नसायचं, तर तेवढंच म्हणून ठेवून द्यायची. एकदा मी चिडले. "बाई, आता फोनवर तुझा नंबर दिसतो. मला कळतं तूच आहेस." ती म्हणाली, "नंबर डोयाले दिसते व. पोटाले दिसते का?" पोटाला खरंच दिसत नव्हतं.

तेरवीला आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. अंगणात जाळी वाळत होती, चूल सारवून ठेवली होती. जेवणं झाल्यावर मी राजूला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा, आई समोर तशी पडलेली, आणि तशा वेळी तुला आधी माझी भीती कशी आठवली? तो म्हणाला, "भीती? मले काय माहीत, काकू. आई रोज असंच म्हने. मले वाटलं, तुमच्या हापिसात फोन लावला का पयले हेच म्हना लागते." मी यांनाही काही न सांगता तळ्याच्या पाळीवर जाऊन उभी राहिले. विमलबाईने माझी भीती कधीही कोणाला सांगितली नव्हती, घरच्यांनासुद्धा नाही.

परवा सुनंदाला फोन करायचा होता. रामदास अजून नाक्यावरच असतो, त्याच्या कसल्याशा सहीसाठी. ती 'हॅलो' म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुनंदा, तुझ्या घरचं नाही." ती म्हणाली, "बरं झालं ताई, पयले सांगतलं. तुमचा नंबर पाह्यला अन् मी भिताडाले धरून उभी होती." तेव्हापासून मी नाक्यावरच्या सगळ्यांच्या घरी फोन करताना आधी तेच म्हणते. आणि म्हणताना मला भीती वाटते. एखाद्या दिवशी हे वाक्य मला म्हणता येणार नाही, आणि मी काही बोलायच्या आधीच फोनवरच्या त्या बायकोला कळेल. मला त्या दिवशी न हललेल्या मानेवरून कळल्यासारखं वाटलं होतं, तसंच.

हे अजून रोज काठी घेऊन जंगलात जातात. आता निघताना मी यांचं तोंड बघते. ऑफिसातली काचेची खोली तशीच आहे, खुर्चीही कोणी हलवलेली नाही. तिच्या मागे भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकत असतात. फोन वाजला की मी अजूनही आधी तिकडे बघते, क्षणभर थांबते, आणि मग उचलते.