वास दारूचा नव्हता

"बाप घरात शिरायच्या आधी दारूचा भपकारा शिरायचा."

सरांनी हे वाक्य माइकवर वाचलं. मग डोळे मिटून पुन्हा वाचलं. माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण. पण हे वाक्य माझं नव्हतं. आणि माझा बाप शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता.

कळंबच्या एका रिसॉर्टवर कादंबरीलेखनाचं शिबिर होतं. शेवटचा दिवस. बाबा मला न्यायला लोधिवलीहून मोटारसायकलवर आले होते. शिबिर घेणाऱ्या सरांनीच त्यांना आत बोलावलं. "या, या, मुलीचं ऐका."

माझ्या बापाने उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही.

मी लिहिलं होतं ते वेगळं. बाबा मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात कामाला होते. सुटून आले की घरात यायचे नाहीत. परसातल्या दगडावर बसायचे, आई वरून पाणी ओतायची. कपडे बाहेरच, वेगळ्या बादलीत. मग आम्हाला जवळ घ्यायचे. तरी वास उरायचाच. कारखान्यात जाणाऱ्या सगळ्यांच्या घरी हीच रीत. माझी अख्खी कादंबरी त्या वासावर उभी होती.

सर पहिल्या दिवसापासून सांगत होते, तपशील नेमका हवा. नाकाने, कानाने लिहा. लिहिलेलं मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे पुन्हा लिहा. सगळं पटत होतं मला. म्हणून ते म्हणाले, "द्या, जरा हात फिरवतो," तेव्हा मी खुशीने प्रकरण देऊन टाकलं. हवेतच होते मी.

हात फिरला तो असा.

"बघा," सर सगळ्यांना म्हणाले, "मूळ मसुद्यात केमिकलचा वास होता. तो वाचकाला कळत नाही. कामगाराचं घर म्हटलं की दारू हवीच. आता कसं धारदार झालं!"

टाळ्या पडल्या. पुढच्या एका बाईंनी मागे वळून बाबांकडे पाहिलं आणि ओढणी नाकाशी नेली. बाबांनी आपली खुर्ची आणखी मागे सरकवली.

ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ माइकपाशी गेले.

"माझं प्रकरण परत द्या."

"अहो, रागावता काय? ही कादंबरी आहे. तुमच्या बाबांचा दाखला नाही."

"मग तुमच्या वडिलांना पाजा दारू. माझ्या बापाला कशाला?"

सर हसले. "इतकं हळवं राहून लेखन होत नाही. छापणार कोण हे?"

मी पानं त्यांच्या हातातून ओढून घेतली. रागाने. आणि लाजेनेही, कारण बाबांनी सगळं ऐकलं होतं.

बाहेर बाबा गाडीपाशी नुसते उभे होते. म्हणाले, "वास यायचा गं माज्या अंगाला, ते खरं हाय. पन मी कदी प्यालो नाय. तू तसं लिवलंस?"

"नाय बाबा. मी नाय लिवलं."

"मंग तो वास कसला व्हता, ते लिव. आमी कुनाला सांगितलंच नाय."

गाडीवर मागे बसून मी तोच विचार करत होते. दारू म्हटलं की दोष बापाचा. विषय संपला. केमिकल म्हटलं की दोष कुणाचा, ते विचारावं लागतं. सरांना ते विचारायचं नव्हतं. शनिवार-रविवारी शहरातून मोकळ्या हवेसाठी इकडे येणाऱ्या त्या टाळ्यावाल्यांनाही नव्हतं. बाप बिघडलेला असला की त्यांची झोप शाबूत राहते.

मी कादंबरी पुन्हा लिहिते आहे. सरांचेच नियम वापरून. नाकाने लिहिते. मोठ्याने वाचते, अडखळले की खोडते. वास आता पहिल्याच वाक्यात आणलाय, आणि तो कुठून आला तेही त्याच वाक्यात. वाचकाला कळत नसेल तर त्याने खुशाल पुस्तक मिटावं. मी दारू ओतणार नाही. पुन्हा कुणी हात फिरवायला आलं, तर तो हात मी तिथल्या तिथे धरीन.